हॉल तिकिटे तीन, अभ्यास एक

दहावीचा निकाल लागला की कोल्हापूरजवळच्या उचगावात ‘सायन्स घेतलंस काय?’ आणि ‘क्लास कुठला लावलास?’ हे दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. नेमकी कुठली परीक्षा द्यायची, हे मात्र बऱ्याच घरांत बारावी अर्धी सरेपर्यंत ठरलेले नसते. मग नोव्हेंबरात कुणीतरी जेईईचा फॉर्म भरतो म्हणून आपणही भरायचा, सीईटी तर द्यायचीच असते आणि ‘बायोलॉजी आहेच की, नीट पण देऊन बघ’ म्हणून तिसरे हॉल तिकीट. मूल अभ्यास करतच असते, पण नक्की कशाचा, ते त्यालाही सांगता येत नाही.

एकापेक्षा जास्त परीक्षा द्यायला हरकत काहीच नाही, उलट द्याव्यातच. त्यातली एक मात्र मुख्य ठरवायला हवी आणि बाकीच्या तिच्या अंगाने घ्यायला हव्यात. तीन परीक्षांची तीन वेगवेगळी तयारी करायला जो निघतो, त्याची एकही धड होत नाही.

मुख्य परीक्षा ठरवायची तर आधी कुठले दार कुठल्या किल्लीने उघडते ते बघा. सांगलीचे वालचंद, गोकुळ शिरगावचे केआयटी, कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील, पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय या सगळ्यांच्या राज्याच्या जागा एमएचटी-सीईटीवर भरतात. नागपूरचे व्हीएनआयटी आणि देशातल्या बाकीच्या एनआयटी जेईई मेनवर. आयआयटीसाठी जेईई मेनमधून वर येणाऱ्या अडीच लाखांत बसून पुन्हा जेईई अॅडव्हान्स्ड द्यावी लागते. राज्यातल्या खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांत १५ टक्के अखिल भारतीय जागा असतात, तिथे जेईई मेनचा स्कोअर चालतो. आपल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला जायचे तर नीट. बीएएमएस, बीएचएमएस आणि व्हेटर्नरीही नीटवरच. बी. फार्मसीला सीईटी किंवा नीट, दोन्हींतले काहीही चालते. बीएस्सी अॅग्रीला सीईटी. एनडीए ही यूपीएससीची वेगळी परीक्षा, वर्षातून दोनदा होते.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येईल. गावातल्या दहा मुलांपैकी आठ-नऊ जणांना ज्या कॉलेजांत खरोखर जायचे असते, त्यांचे दार सीईटीच उघडते. तरी क्लासच्या पाटीवर मोठ्या अक्षरात जेईई आणि सीईटी खाली कोपऱ्यात, म्हणून घरातही तसेच धरले जाते. माझे मत असे, की अकरावीला जेईईच्या पातळीवरच सुरुवात करावी, कारण वरून खाली येणे सोपे. मात्र बारावीच्या दिवाळीला थांबून हिशेब करावा. तोवर शिकवलेल्या धड्यांपैकी निम्म्या धड्यांचे जेईईचे जुने प्रश्न मुलाला पुस्तक न उघडता सुटत नसतील, तर सीईटी मुख्य करावी आणि जानेवारीची जेईई सरावासाठी द्यावी. यात कमीपणा नाही. वालचंदला कॉम्प्युटर मिळणे ही काही हरलेली लढाई नव्हे.

नीट आणि जेईई दोन्ही ‘मुख्य’ ठेवणारी घरेही आहेत. पीसीएमबी घ्यायला बोर्डाची आडकाठी नाही आणि सीईटीलाही दोन्ही गटांचे अर्ज भरता येतात. पण नीटचे निम्मे गुण, ७२० पैकी ३६०, एकट्या बायोलॉजीचे. जेईईचे तिसऱ्या हिश्श्याचे गुण मॅथ्सचे. हे दोन्ही एकाच वर्षात पेलणारी मुले असतात, पण फार थोडी. बाकीच्यांनी अकरावीच्या पहिल्या सहामाहीतच एक सोडून द्यावे. ‘दोन्ही दारं उघडी राहू देत’ हे ऐकायला बरे वाटते, पण त्याची किंमत मूल रात्री बारानंतर जागून चुकती करते.

आता खऱ्या फरकाकडे येऊ. फिजिक्स, केमिस्ट्री तिन्ही परीक्षांना तेच आहे, बदलतो तो वेग. जेईई मेनला १८० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जवळपास अडीच मिनिटे. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, मिनिटाला एक. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सला ९० मिनिटांत ५० प्रश्न आणि प्रत्येकी २ गुण.

एक उदाहरण घेऊ. उतारावरून घन गोळा न घसरता घरंगळतो. सीईटी विचारेल: त्याच्या एकूण गतिज ऊर्जेपैकी फिरण्याची ऊर्जा किती? उत्तर २/७. ज्याला सूत्र पाठ आहे तो वीस सेकंदांत पुढच्या प्रश्नावर. नीट विचारेल: कडे, चकती आणि गोळा एकदम सोडले तर खाली आधी कोण पोहोचेल? इथे सूत्र मांडायचीही गरज नाही, कुणाचे वस्तुमान अक्षाजवळ जास्त एवढे कळले की झाले. जेईई विचारेल: गोळा घसरू नये म्हणून घर्षणाचा गुणांक किमान किती हवा? इथे आकृती काढावी लागते, बल आणि बलाघूर्ण यांची दोन समीकरणे मांडावी लागतात, आणि उत्तर येते उताराच्या कोनाच्या टॅनजंटच्या २/७ पट. संख्या तीच, धडा तोच. ज्याने तिसरा प्रश्न एकदा स्वतःच्या हाताने सोडवला, त्याला पहिले दोन वेगळे शिकवावे लागत नाहीत. पण म्हणून ते ५४ सेकंदांत आपोआप सुटतील असे नाही. त्यासाठी घड्याळ लावूनच बसावे लागते.

म्हणून धडा शिकताना एकदाच, खोलवर आणि मुख्य परीक्षेच्या पातळीवर शिकावा. रविवारचा सराव पेपर मात्र ज्या परीक्षेचा आहे तिच्याच घड्याळावर आणि तिच्याच गुणपद्धतीने द्यावा. गुणपद्धती तर फारच महत्त्वाची. जेईई मेन आणि नीटला बरोबर उत्तराला ४, चुकीला १ वजा. सीईटीला वजा काहीच नाही. वर्षभर जेईईचे पेपर दिलेले मूल सीईटीतही अडलेला प्रश्न सवयीने कोरा सोडते, आणि सीईटीतच रमलेले मूल जेईईत ठोकत सुटते. सीईटीच्या प्रत्येक सराव पेपरात शेवटची तीन मिनिटे राखून उरलेला एकही प्रश्न कोरा राहू द्यायचा नाही, हे हाताला वळण लागेपर्यंत करा. जेईईत दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उरलेल्या दोनांतून एक निवडणे हिशेबाने फायद्याचे असते, चारही सारखेच वाटत असतील तर सोडून पुढे जावे.

अभ्यासक्रमात एक गोची आहे आणि ती बोर्डाच्या मुलांनाच जास्त बाधते. बालभारतीच्या बारावीच्या फिजिक्सची सुरुवातच रोटेशनल डायनॅमिक्सने होते, पाठोपाठ फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स. एनसीईआरटीत हे सगळे अकरावीत येते. बरेच क्लास एनसीईआरटीच्या क्रमाने शिकवतात, कॉलेज बालभारतीच्या. परिणामी जूनमध्ये कॉलेजात जो धडा सुरू आहे तो क्लासात गेल्या वर्षीच संपलेला असतो आणि क्लासात जो सुरू आहे तो कॉलेजात दिवाळीनंतर यायचा असतो. यावर उपाय साधा आहे. भिंतीवर एक मोठा कागद लावा. डाव्या बाजूला दोन्ही वर्षांचे सगळे धडे, पुढे बोर्ड, सीईटी आणि मुख्य परीक्षा असे तीन रकाने. धडा ज्या परीक्षेला आहे त्या रकान्यात खूण आणि तयारी झाली की तारीख. तासाभराचे काम आहे, पण जानेवारीत गोंधळ उडाला की याच कागदावर नजर जाते.

हा कागद भरताना काही धडे फक्त बोर्ड आणि सीईटीच्या रकान्यांत उरलेले दिसतील. मॅथेमॅटिकल लॉजिक, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग. जेईईवाली मुले हे धडे बोर्डापुरते वाचतात आणि सीईटीत सोपे गुण घालवतात. सीईटीत साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या निवडक धड्यांवर असतात. तेव्हा वेळ कमी असेल तर कुठे घालवायचा हे वेगळे सांगायला नको. नीटच्या मुलांनी बायोलॉजी एनसीईआरटीतूनच ओळीओळीने करावे, बालभारतीचे पुस्तक बोर्डासाठी आणि सीईटीच्या पीसीबी गटासाठी. तिसरे जाड पुस्तक आणू नये.

बोर्डाचे काय? ‘टक्क्यांना आता कोण विचारतंय’ हे अर्धे खरे आहे. जेईई मेनमधून एनआयटीला जायचे तर खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के हवेत किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. नीटसाठी खुल्या प्रवर्गाला पीसीबीत ५० टक्के आणि राज्यात इंजिनिअरिंगसाठी पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात. दरवर्षी कुठेतरी पर्सेंटाइल भरपूर आणि बोर्डात काठावर अशी एखादी केस ऐकू येतेच. जानेवारीचा दुसरा पंधरवडा जेईई आणि प्रॅक्टिकल यांच्यात जातो, त्यानंतर थेट मार्चच्या मध्यापर्यंत फक्त बोर्डाचाच अभ्यास करावा, हे माझे ठाम मत. लेखी परीक्षेत केमिस्ट्रीची समीकरणे आणि मॅथ्सच्या सिद्धता लिहिल्याने सीईटीचीच तयारी होत असते.

एप्रिल मात्र कसोटीचा. पहिल्या आठवड्यात जेईईचे दुसरे सत्र, मग सीईटी, मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास नीट. २०२६-२७ च्या प्रवेशांपासून पीसीएम आणि पीसीबी गटांची सीईटी एप्रिल आणि मे अशी दोनदा घेण्याचे राज्याने जाहीर केले. पहिली सक्तीची, दुसरी ऐच्छिक, दोन्हींतला चांगला पर्सेंटाइल धरायचा. याचा नीटच्या मुलांना खरा उपयोग आहे, एप्रिलची सीईटी नीटच्या अभ्यासावरच द्यायची आणि लागलीच तर मेची मन लावून. बाकीच्यांनी मात्र दुसरी संधी आहे म्हणून पहिली हलक्यात घेऊ नये.

आता कागदपत्रे. मुलाच्या अभ्यासात पालकांना फारशी मदत करता येत नाही, इथे येते, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. एकच मूल दोन अर्जांत दोन वेगळ्या प्रवर्गांत असू शकते, हे आधी समजून घ्या. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग. सीईटीच्या अर्जात तो आहे, जेईई-नीटच्या केंद्रीय अर्जात तो रकानाच नाही. ओबीसीचेही तसेच. राज्याचे नॉन-क्रिमिलेअर वेगळे आणि केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल दाखला वेगळा, तोही चालू आर्थिक वर्षातला लागतो. राज्याच्या कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, नॉन-क्रिमिलेअर पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवे. करवीर तहसीलमध्ये जूनमध्ये रांग लावण्यापेक्षा एप्रिलमध्येच सेतूत जाऊन दोन्ही काढून ठेवावेत.

जात पडताळणीला याहून जास्त वेळ लागतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातला जन्म-मृत्यूचा उतारा शोधावा लागतो, आणि तो मोडीत निघाला तर लिप्यंतर करून घ्यावे लागते. हे बारावीच्या मेमध्ये सुरू केले तर वेळेत होत नाही. अकरावीला सायन्सला प्रवेश झाला की कॉलेजचे पत्र घेऊन जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज टाकून द्यावा.

नावाचेही बघा. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, एका ठिकाणी वडिलांचे नाव पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते आद्याक्षर. जेईई-नीटच्या अर्जात आधारची माहिती घेतली जाते आणि तिथे गाडी अडते. आधार दुरुस्त करायला दहावीच्या सुट्टीइतका चांगला वेळ नाही. आणि एक सूचना जी कुणाला क्षुल्लक वाटेल: फॉर्म नेट कॅफेत भरला तरी ईमेल आणि मोबाइल नंबर आपलाच द्या, आणि तिन्ही परीक्षांना एकच. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. कॅफेवाल्याचा ईमेल दिलेली मुले कॅपच्या वेळी ओटीपीसाठी त्याच्या दारात उभी असतात, आणि त्याने तोवर दुकान बदललेले असते.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. २०२५ साली खुल्या प्रवर्गाला नीटचे शुल्क १७०० रुपये होते आणि सीईटीचे एका गटाला १०००. वरून जेईईची दोन सत्रे. क्लासच्या फीपुढे हे काहीच नाही, आणि गांधीनगरच्या कापडपेठेत नाहीतर शिरोली एमआयडीसीत कामाला असलेल्या घराला ती फीच जड जाते. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्थेचे जेईई, नीट, सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आहे, टॅब्लेटसह. त्याचे अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात, तेव्हा लक्ष ठेवावे. मुलींच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवायचे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. घाईने कोट्यातली जागा धरणाऱ्याने आधी हा हिशेब करावा.

परीक्षेच्या दिवशीचे. केंद्र कोल्हापुरात असले तर उचगावहून केएमटीने किंवा दुचाकीने अर्धा-पाऊण तास धरा, तावडे हॉटेलच्या चौकात गर्दी असली तर जास्त. चैत्र यात्रेला जोतिबाच्या वाटेवर राज्यभरातल्या गाड्या असतात आणि ती यात्रा नेमकी याच दिवसांत येते. तारीख पंचांगात आधीच बघून ठेवा. केंद्र अतिग्रे किंवा पेठ वडगावच्या बाजूला पडले तर पंचगंगेचा पूल ओलांडावा लागतो. एप्रिलमध्ये त्याचे काही नाही, पण पावसाळ्यातल्या परीक्षेला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैत जेईई मेनचे सत्र चालू असतानाच पूर आला, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर या जिल्ह्यांतल्या ज्या मुलांना केंद्रावर पोहोचता आले नाही त्यांना परीक्षा घेणाऱ्या एनटीएने पुन्हा संधी दिली. अशा वेळी ‘आता गेलं वर्ष’ म्हणून बसू नये, एनटीएच्या संकेतस्थळावरची सूचना रोज बघावी. नीटला गेट दीड वाजता बंद होते, पेपर दोनला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि बुटाऐवजी चप्पल, हे हॉल तिकिटावर लिहिलेले असते, तरी दरवर्षी कुणीतरी गेटवर बूट काढत असते.

निकाल आला की नातेवाइकांचे फोन येतात. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के नव्हेत. १०० मुलांपैकी ९२ जण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवून आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सीईटी आणि जेईईचे पर्सेंटाइल एकमेकांशी ताडून बघण्यातही अर्थ नाही, कारण परीक्षेला बसलेली मुलेच वेगळी असतात.

आणि मग ऑप्शन फॉर्म. इतक्या परीक्षा दिल्याचा फायदा घ्यायचा तो इथे. आधी जोसाची, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशांची, फेरी कुठवर आली आहे ते बघा, तिथली जागा घ्यायची की राज्यात थांबायचे हे घरात आधीच ठरलेले असू द्या. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांना बसता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर ‘मिळेलच’ असे कॉलेज टाकायचे नसते, जे खरेच हवे आहे ते टाकायचे असते. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते. ती डाउनलोड करा, आपल्या प्रवर्गाचा रकाना शोधा आणि आधी कागदावर तीस-चाळीस पर्याय क्रमाने लिहून काढा. मुलाला शेजारी बसवूनच.